शेवटची आठ पानं

"वड्यांचं तेल टिपायला घेतली असतील हिनं पुस्तकाची पानं," वहिनी म्हणाल्या.

हॉलमधल्या बायका हसल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. मी दारात उभी होते. हातात साबुदाणा वड्यांचं ताट. ताटात खरंच कागद घातला होता, तेल टिपायला. हिंदी पेपरचा. तो एकीला दिसला.

"ए, बघ गं, त्यातच असतील!"

परत हसू.

मी ताटाकडं बघितलं. वडे बाजूला सारून दाखवावं असं वाटलं. बघा, पेपर आहे, पुस्तक नाही. माझा एक हात वड्यांकडं गेलासुद्धा. इतकी मी घाबरले होते. न केलेल्या गोष्टीचा पुरावा द्यायला निघाले होते.

"चौथी शिकलेल्या बाईच्या हातात पुस्तक दिलं की असं होतं," वहिनी म्हणाल्या. "माझीच चूक."

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मुलीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. तिचं मराठी बोलण्यापुरतं. एवढं वाचायचं म्हटलं तर ती दोन ओळीत कंटाळेल. म्हणून भीती नाही.

आम्ही परभणीकडचे. नवरा मुरलीपुऱ्यात पत्र्याच्या कपाटांच्या कारखान्यात रंग मारतो. जयपूरला येऊन आठ वर्षं झाली. मी मुळातच बोलणारी नाही, त्यात इथली हिंदी. पहिलं वर्षभर मी भाजीसुद्धा बोटानं दाखवून घेतली. मग कुणी तरी सांगितलं, शास्त्री नगरात एक मराठी घर आहे, साहेब विम्याच्या कंपनीत मोठे आहेत, त्यांना भाकरी येणारी बाई पाहिजे. मी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि विचारलं, "काय गं, कुठली तू?"

मराठीत. मला रडूच आलं. त्या क्षणी त्यांनी फुकट राबायला सांगितलं असतं तरी मी राहिले असते.

मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या,

"आम्ही तसलं काही मानत नाही हं."

मी तसलं काही म्हणालेच नव्हते. चहाला ग्लास मात्र वेगळा मिळाला. तो खिडकीत पालथा असतो.

वहिनींच्या घरात काचेचं कपाट आहे, त्यात मराठी पुस्तकं आहेत. ती त्यांची नाहीत. पुस्तक भिशीची आहेत. इथं येणारी मराठी माणसं बँकेतली, विम्यातली, सरकारी. तीन वर्षांनी बदली होते. ट्रकमध्ये सामान भरताना पहिलं काय मागं राहतं, तर पुस्तकं. जाणारी बाई पिशवीभर पुस्तकं वहिनींकडं ठेवून जाते. असं ते कपाट भरलं. भिशीत नऊ जणी. महिन्याला एक पुस्तक ठरतं. ते आधी घरोघर फिरतं, दर तीन दिवसांनी एक घर असं सांगितलेलं असतं, पण घाई असली की दोन दिवसांत एक. शेवटी जिच्याकडं भिशी असेल ती त्या पुस्तकावर बोलते. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद डकवलेला आहे. जिनं वाचलं तिनं त्यावर नाव लिहायचं आणि पुढं एक ओळ, कसं वाटलं ती.

पुस्तक घरोघर नेण्याचं काम माझं.

त्यामुळं कोण वाचतं, कोण नाही ते मला माहीत होतं. एका घरी मी पुस्तक चपलांच्या कपाटावर ठेवून यायची. परत न्यायला गेले की ते तिथंच. वर लाईटचं बिल, त्यावर स्कूटरची चावी. "थांब हं," म्हणून ती बाई पेन शोधायची, मागचा कागद उघडायची, आधीच्या बाईनं काय लिहिलंय ते बघायची आणि तसंच काही तरी लिहायची. मी दारात उभी. मी काय बोलणार?

मी मात्र वाचायची. वहिनी दुपारी झोपायच्या तेव्हा ओट्याखाली बसून वाचायची. गावात आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला तालुक्याच्या वाटेवरच्या गावी जायचं, मुलींना कोण पाठवतंय. पण चौथीत मी धडा न अडखळता वाचायची. गुरुजी मला उभं करून वर्गाला वाचून दाखवायला लावायचे. ते सुटलं, त्यानंतर वीस वर्षांनी हे कपाट. पहिलं पुस्तक संपायला दीड महिना लागला. नंतर आठ-दहा दिवसांत व्हायला लागलं. मी घरी असताना, भांडी घासताना, रस्त्यानं चालताना त्या माणसांचा विचार करायची. मला मैत्रीण नाही. मला दुसरं काही नव्हतं.

एकदा वहिनी लवकर उठल्या.

"अगंबाई, तू वाचतेस? कळतं का तुला?"

मी पुस्तक मिटून उभी राहिले. त्या रागावल्या नाहीत. त्यांना गंमत वाटली.

"सांग बघू काय आहे यात?"

मी सांगितलं. कणीक मळता मळता सगळं सांगितलं. मला बोलता येतं हे मलाच तेव्हा कळलं. त्या शनिवारी भिशीत मी पडद्याआड चहा गाळत होते आणि हॉलमधून माझी वाक्यं ऐकू आली. वहिनींच्या आवाजात. मी म्हटलं होतं, 'या माणसाला बायकोपेक्षा तिचा आजार जास्त आवडतो, कारण आजारात ती उलट बोलत नाही.' वहिनी तसंच म्हणाल्या. एक जण म्हणाली, "वा, काय नेमकं पकडलंस!"

मला राग आला नाही. खोटं कशाला लिहू. मला आनंद झाला. पडद्याआड मी एकटीच हसले. मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय.

मग तसा रिवाजच पडला. वहिनींच्या पाळीचं पुस्तक मी वाचायची आणि त्यांना सांगायची. त्या एका डायरीत टिपून घ्यायच्या. "हळू सांग गं, लिहू दे." हळूहळू बाकीच्यांची पाळी असली तरी त्या मला विचारायला लागल्या, म्हणजे चर्चेत बोलता येतं. भिशीत त्यांच्याइतकं पुस्तकातलं कुणाला कळत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. पाच वर्षं. मागच्या कागदावर त्यांचं नाव असायचं. मी एकदाही मागितलं नाही की माझं लिहा. मला सुचलंच नव्हतं. नाव लिहायची जागा आपल्यासाठीही असू शकते हे सुचायला फार वर्षं लागतात.

या उन्हाळ्यात वहिनींच्या पाळीला जे पुस्तक आलं ते एका सुईणीचं. गावातल्या मोठ्या घरांची बाळंतपणं करणारी म्हातारी. मग गावात दवाखाना होतो, तिला कुणी विचारत नाही. ज्या घरात ती चार पिढ्यांची नाळ कापत आली ते घर तिला ओळख दाखवत नाही. शेवटी भर पावसात त्याच घरातली सून अडते, दवाखान्याची वाट बंद होते, आणि माणूस तिला बोलवायला येतो. ती जाते. बाळ होतं. मालकीण लुगडं घेऊन बाहेर येते...

आणि पुढं पुठ्ठा. पानंच नाहीत. शिवणीजवळ वाळवीची माती होती आणि आठ गळालेल्या पानांची टोकं. फार जुनं होतं ते. मी पुठ्ठ्यावरचा कागद बघितला. सात नावं. पहिलीनं लिहिलं होतं, शेवट फार सुंदर. म्हणून बाकी सहा जणींनाही शेवट सुंदर वाटला होता. एकीनं तर लिहिलं होतं, शेवटी डोळे पाणावले.

मी वहिनींना सांगितलं, "वहिनी, शेवटची पानं नाहीत यात."

त्या आरशासमोर केस विंचरत होत्या. दुसऱ्या दिवशी भिशी होती.

"अय्या, मग आता? तूच सांग ना शेवट काय असेल तो. तुला येतं सगळं."

माझी मावशी सुईण होती. मला तिनंच वाढवलं. ती बाळंतपण करून आली की तिच्या खांद्यावर लुगडं असायचं, जुनं, फाटलेला भाग काढून दंड घालून जोडलेलं. ते तिच्या हातात कुणी देत नसे. उंबऱ्यातून टाकत. तिनं झेलायचं. रात्रभर ज्या बाईच्या अंगाला हात लावून बसली, सकाळी तिच्या घरचं लुगडं लांबून झेलायचं. आणि गोठ्याच्या कडेला बसून चहा. मी एकदा सोबत होते. लुगडं चिखलात पडलं. मावशीनं ते उचललं, झटकलं आणि वर आशीर्वाद दिला. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला तिचा राग आला होता. त्यांचा नाही, तिचा.

म्हणून मी वहिनींना सांगितलं, सुईण लुगडं घेत नाही. ते जमिनीवर पडलेलं तसंच राहू देते. म्हणते, "मला ओसरीवर बसवा. तुमच्या कपात चहा द्या. चहा झाला की मी जाईन." आणि ती ओसरीवर बसून चहा पिते. बाहेर लोक जमतात. ती घाई करत नाही.

मावशीनं असं कधी केलं नाही. मी तिच्याकडून करून घेतलं.

वहिनी लिहून घेत होत्या. "वा गं," म्हणाल्या. "छान आहे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बायका जमल्या. कूलर लावला होता. वहिनी वीस मिनिटं बोलल्या. मी गॅस बारीक करून ऐकत होते. 'ती घाई करत नाही,' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि थांबल्या. टाळ्या पडल्या.

"काय शेवट आहे!"

"मला पण तोच भाग आवडला."

"मी तर वाचताना तिथं थांबलेच."

मग एक शांत आवाज आला. "पण असा शेवट नाहीये हो त्याचा."

त्या प्रोफेसर मॅडम. युनिव्हर्सिटीत नव्या आलेल्या, भिशीत पहिल्यांदाच. त्यांनी पुस्तक मागवलं नव्हतं, कारण त्यांचं पूर्वीच वाचून झालं होतं.

"मी कॉलेजात असताना दोनदा वाचलंय. ती लुगडं घेते. डोळ्यांना लावते, आशीर्वाद देत घरी जाते. आम्ही वर्गात भांडलो होतो त्या शेवटावरून."

"नाही नाही," एक जण म्हणाली, "मी आत्ताच वाचलंय ना. चहा पिते ती."

"मतलब, दोन एंडिंग आहेत का?" ही डॉक्टरांची सून. जयपुरातच वाढलेली, तिला मराठी वाचायला वेळ लागतो.

"बघू पुस्तक," प्रोफेसर मॅडम म्हणाल्या. पान उलटल्याचा आवाज. "अहो, यात शेवटची पानंच नाहीत."



"ए, इकडं ये गं," वहिनींनी हाक मारली. मी ताट घेऊन दारात आले. पुढं काय झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे. तेल. पेपर. चौथी. आणि पाच मिनिटांपूर्वी ज्या शेवटाला टाळ्या पडल्या होत्या, तोच शेवट आता 'हिनं काही तरी बडबड सांगितली' असा झाला.

"पानं आधीपासूनच नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

वहिनी चिडल्या. "आधीपासून? मग या सात जणींनी काय वाचलं?"

बोलल्या आणि थांबल्या. त्यांच्याही लक्षात आलं.

एक जण बांगड्या सारख्या करायला लागली. एकीनं फोन उचलला. डोळे पाणावलेली बाई खिडकीबाहेर बघत होती. मी सातही जणींकडं बघितलं. एकेकीकडं. त्या घरात मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असं पहिल्यांदाच झालं. त्यातली एकही माझ्याकडं बघत नव्हती.

प्रोफेसर मॅडमनी पुस्तक उलटं करून मागचा कागद वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. शिकलेली बाई, शिकवणारी बाई. मला वाटलं, आता या बोलतील. माझ्या आयुष्यात कुणासाठी इतकी वाट बघितली नाही.

त्यांनी पुस्तक मिटलं.

"असू दे, झालं ते झालं," त्या वहिनींना म्हणाल्या. "पुस्तकं कुलपात ठेवत जा तुम्ही."

"हो ना," सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "वडे गार होतायत गं, आण ना इकडं."

मी फाडली नाहीत असं ठरलं असतं तर सात जणी खोट्या पडल्या असत्या. म्हणून मी फाडली. एवढा साधा हिशोब होता तो.

मी वडे वाढले. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण वाढले. "मस्त झालेत हं," डॉक्टरांची सून म्हणाली.

सगळ्या गेल्यावर वहिनी ओट्याशी आल्या. "मनावर घेऊ नकोस. चार लोकांत काही तरी बोलावं लागतं." आणि उरलेले वडे मला डब्यात भरून दिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तकानं पोट भरतं का? सॉरी म्हण आणि मोकळी हो." मुलगी अभ्यास करत होती. तिनं विचारलं, "पण मम्मी, तू फाडलंच नाही ना? मतलब, सॉरी कशाचं?" मी वड्यांचा डबा धुवायला घेतला.

मी सॉरी म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही. कपाटाला कुलूप लागलं. पंधरा दिवसांनी वहिनींनीच ते उघडलं आणि नवं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"वाच गं हे. आणि आता आधी शेवटचं पान आहे का बघ."

हसल्या त्या. मी हसले नाही. मी एक वाक्य पंधरा दिवस रोज रस्त्यानं म्हणत आले होते.

"वाचते. पण मागच्या कागदावर माझं नाव लिहीन."

"नाव? ते कशाला? तू भिशीत आहेस का?"

"मी वाचलं म्हणून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ड्रॉवरकडं गेल्या आणि त्यांनी मुलाच्या कंपासमधली पेन्सिल आणून दिली.

"बरं, लिही. खाली कोपऱ्यात लिही. पेन्सिलीनं."

पेन्सिल माझ्या हातात होती. पुस्तक समोर होतं. कोरं करकरीत, पहिल्यांदाच नवं आणलेलं. मला ते वाचायचं होतं. किती, ते मला सांगता येणार नाही. या शहरात मराठी पुस्तक दुसरीकडं कुठं मिळत असेल तर मला माहीत नाही. मी कुणाला विचारू शकत नाही. पेन्सिलीचं तर पेन्सिलीचं, नाव तरी राहील, असं मनात आलं. मग डोळ्यांपुढं आलं, भिशीच्या आधी वहिनी खोडरबर घेऊन बसल्या आहेत.

मी पेन्सिल पुस्तकावर ठेवली. "नको वहिनी."

"काय नको?"

"मग मी वाचत नाही."

"नको वाचूस! माझं काय अडलंय?" त्यांनी पुस्तक उचललं, कपाटात टाकलं, कुलूप लावलं.

त्यांचं फारसं अडलं नाही. त्यांनी फोनवर कुठून तरी गोष्ट शोधली. भिशी झाली. टाळ्या पडल्या. मी पोहे घेऊन गेले होते. काम सोडणं मला परवडत नाही, म्हणून मी तिथंच आहे. रोज त्या कपाटाची काच पुसते. आतली पुस्तकांची नावं उभी रांगेनं दिसतात. जी वाचली ती आता विसरायला लागले आहे. माणसांची नावं आधी जातात, मग गावं. परवा एका गोष्टीतल्या बहिणी दोन होत्या की तीन ते आठवेना, आणि बघायला काही साधन नाही. कुणी माझी बाजू घेतलेली नाही. कुणी घेईल असं आता वाटत नाही.

काल सकाळी वहिनींनी एक पुस्तक ओट्यावर ठेवलं. उघडं. पहिलं पान वर. आणि आंघोळीला गेल्या. मुद्दाम, हे मला कळत होतं. भिशी जवळ आली होती. पान माझ्यापासून वीतभर होतं. अक्षरं मोठी होती. मी ते मिटलं, बाजूला सारलं आणि पोळपाट मांडला.

त्या बाहेर आल्या. पुस्तकाकडं बघितलं. "वाचलंस का गं थोडं?"

"मला वाचता येत नाही, वहिनी."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"चौथी शिकलेली बाई आहे मी. मला कुठलं वाचता येतंय."

मी पोळी उलटली.

आता हेच. त्या रोज विचारू देत, मी रोज हेच सांगेन. त्या घरात मला एक अक्षर येत नाही. मावशीचीच काय, कुणाचीच गोष्ट माझ्या तोंडून तिथं निघणार नाही. सगळ्यांच्या नावांच्या रांगेत, शाईनं, आडनावासकट माझं नाव लिहिलं जाईपर्यंत नाही. ते कधीच लिहिलं जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी नाही.